वळणावर तेल कुठे जातं? लोटस इलिसची ऑइल सिस्टीम आणि तिच्यातल्या सुधारणा

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात स्नेटरटन नावाचा रेस ट्रॅक आहे. तिथलं कोरॅम हे उजवं वळण इतकं लांब आहे की गाडी त्यात शिरल्यावर सेकंदांमागून सेकंद जातात आणि स्टिअरिंग काही सरळ होत नाही. कॅलिफोर्नियातल्या विलो स्प्रिंग्ज ट्रॅकचं आठवं वळणही असंच लांबलचक. हलक्या स्पोर्ट्स कारचा खरा आनंद अशाच वळणांत असतो, आणि तिच्या इंजिनाला सर्वांत मोठा धोकाही इथेच असतो. इंजिनात तेल असतं, पुरेसं असतं, पण नेमक्या त्या क्षणी ते पंपाला सापडत नाही.

हा प्रश्न समजून घ्यायला लोटस इलिसइतकं चांगलं उदाहरण नाही. स्नेटरटनपासून जवळच, हेथेलला लोटसचा कारखाना आहे. तिथे १९९६ पासून २०२१ पर्यंत ही दोन सीटांची गाडी बनत होती. अ‍ॅल्युमिनियमचे भाग औद्योगिक चिकटद्रव्याने एकमेकांना जोडून केलेली चॅसी, सीटांच्या मागे आडवं बसवलेलं इंजिन आणि सुरुवातीच्या गाड्यांचं वजन जेमतेम सव्वासातशे किलो. आधी तिला रोव्हरचं १.८ लिटरचं इंजिन होतं. २००४ मध्ये टोयोटाचं २झेडझेड-जीई इंजिन आलं. १७९६ सीसी, सुमारे १९० हॉर्सपॉवर, आणि ८००० आरपीएमच्या पुढे जाण्याची तयारी. यामाहाच्या मदतीने घडवलेलं हे इंजिन टोयोटाच्या सेलिका आणि मॅट्रिक्स या रस्त्यावरच्या गाड्यांतही होतं. रस्त्यावरची गाडी लांब वळणावर सतत जोरात फिरत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा जाणवला नाही. इलिसला चांगले टायर लावून ट्रॅकवर नेलं की तो जाणवतो.

तेल नेमकं करतं काय

तेल म्हणजे वंगण, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण इंजिनाच्या आत काय चालतं ते डोळ्यांसमोर आणलं तर पुढचं सगळं सोपं होतं. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगला टेकलेला नसतो. दोघांच्या मधल्या बारीक फटीत तेल असतं. क्रँक फिरताना ते तेल स्वतःबरोबर ओढत नेतो, ते एका बाजूला दाबलं जातं, आणि त्या दाबलेल्या थरावर क्रँक तरंगतो. सर्वांत पातळ जागी हा थर काही मायक्रॉनचा असतो, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिस्टनवर स्फोटाचा जो धक्का बसतो तो कनेक्टिंग रॉडमधून याच थरावर येतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्रँकला उचलून धरण्याचं काम पंपाचा दाब करत नाही. ते क्रँक स्वतःच्या फिरण्यातून करतो. पंपाचं काम त्या फटीतून सतत बाहेर निसटणाऱ्या तेलाच्या जागी नवं तेल पोचवत राहायचं, आणि त्याबरोबर उष्णता बाहेर काढायची. पंपाने तेलाऐवजी हवा पाठवली तर थर काही क्षण टिकतो आणि मग संपतो. धातू धातूवर घासला जातो.

७५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२५ फेरे. तीन सेकंद तेल तुटलं तर क्रँकचे पावणेचारशे फेरे होतात. त्यातले सगळे कोरडे नसतात, पण शेवटचे काही पुरेसे असतात. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग, ज्याला गॅरेजमध्ये बिग एंड म्हणतात, ते बहुधा आधी जातं, कारण क्रँकच्या तेलाच्या वाटेत ते शेवटी येतं. आधी क्रँकच्या मुख्य बेअरिंगला तेल मिळतं, मग क्रँकच्या आतल्या छिद्रांतून ते बिग एंडपर्यंत जातं.

२झेडझेडला आणखी एक नाजूक जागा आहे. या इंजिनात कॅमशाफ्टवर, म्हणजे सिलिंडरच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, प्रत्येक सिलिंडरसाठी दोन प्रकारचे उंचवटे असतात, शांत चालीसाठी लहान आणि जोरासाठी मोठे. सुमारे ६२०० आरपीएमला तेलाच्या दाबाने एक पिन सरकते आणि मोठे उंचवटे कामाला लागतात. म्हणजे ज्या आरपीएमला या इंजिनाची ताकद येते, तिथे ती ताकदच तेलाच्या दाबावर चालते. आणि ते उंचवटे असतात इंजिनाच्या सर्वांत वरच्या भागात, जिथे तेल उशिरा पोचतं. तेलाच्या उपासमारीत त्यांची टोकं घासून जाणं हा या इंजिनाचा ओळखीचा आजार आहे. जुनी इलिस विकत घेणारे जाणकार लोक म्हणूनच वरचं कव्हर उघडून कॅम बघितल्याशिवाय पैसे देत नाहीत.

वळणावरचा हिशेब

इंजिनाच्या तळाशी तेलाचा चेंबर असतो. त्यात तेल साठतं, आणि तळाजवळ जाळी लावलेली एक नळी ते ओढून घेते. ही नळी म्हणजे पिकअप. पाण्याने भरलेली परात हातात घेऊन झटकन वळलं की पाणी एका कडेला चढतं आणि दुसरी कड उघडी पडते. चेंबरमध्ये तेच होतं, फक्त त्याचा कोन आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. गाडी गुरुत्वाकर्षणाइतक्या बाजूच्या बलाने, म्हणजे १ जी ने वळत असेल तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंश कलतो. १.२ जी ला तो ५० अंशांवर जातो. या कोनात तेल तळाशी राहत नाही, ते भिंतीवर चढून बसतं.

हे किती वेळ टिकतं? ताशी १०० किलोमीटर वेगाने १.१ जी चं वळण घ्यायचं तर त्याची त्रिज्या साधारण ७२ मीटर येते. असं अर्धवर्तुळ पार करायला आठ सेकंद लागतात. आठ सेकंद तेल एका भिंतीला चिकटलेलं असतं, आणि पंप खालून ओढतच असतो.

हलक्या गाडीला हे जास्त का भोगावं लागतं, याचं कारण टायरमध्ये आहे. टायरवरचं वजन दुप्पट केलं तर त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणजे वजन कमी असलेल्या गाडीला प्रत्येक किलोमागे पकड जास्त मिळते. इलिसच्या काही गाड्यांना कारखान्यातूनच योकोहामाचे ए०४८ हे जवळजवळ रेसचे टायर मिळत. ज्या गुणासाठी ही गाडी घ्यावी, तोच गुण तेलाला भिंतीवर चढवतो. म्हणून ‘सेलिकाला तर काही होत नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही. इंजिन एकच असलं तरी त्याच्यावर येणारं बाजूचं बल वेगळं आहे.

इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे चेंबरची लांब बाजू गाडीच्या डावीकडून उजवीकडे असते. वळणावर तेलाला सरकायला तीच लांब वाट मिळते. पिकअप मधोमध नसेल तर एका दिशेची वळणं दुसऱ्या दिशेपेक्षा जास्त घातक ठरतात. शिवाय वरच्या आरपीएमला बरंचसं तेल सिलिंडर हेडमध्ये अडकून राहतं, आणि वळणात त्याची खाली उतरण्याची छिद्रंही उंच बाजूला जाऊ शकतात. त्यात क्रँकने घुसळल्यामुळे तेलात हवेचे बुडबुडे होतात. डिपस्टिकवर तेल पूर्ण दिसतं, आणि तरी पंपाच्या तोंडाशी फेस असतो.

आधी मोजा

टोयोटा इंजिनाच्या इलिसमध्ये ऑइल प्रेशरचा काटा नाही. फक्त लाल दिवा आहे, आणि तो दाब जवळजवळ संपल्यावर लागतो. ७५०० आरपीएमला तो दिवा दिसेपर्यंत व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. म्हणून माझ्या मते पहिला खर्च प्रेशर सेन्सरवर आणि त्याची नोंद ठेवणाऱ्या डेटा लॉगरवर व्हावा. नुसता काटा पुरत नाही, कारण ताशी १५० ला वळणाऱ्या माणसाने रस्त्याकडे बघायचं असतं. नोंद घरी येऊन शांतपणे बघता येते. दाब, तेलाचं तापमान, आरपीएम आणि बाजूचा जी, या चार रेषा एकाखाली एक लावल्या की चित्र स्पष्ट होतं. आरपीएम वर असताना, जी वाढताना दाबाची रेषा खड्ड्यात गेली तर तेल तुटतंय. जी काहीही असो, तेल तापत जाईल तसा दाब हळूहळू उतरत असेल तर प्रश्न उष्णतेचा आहे. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत, आणि हे न बघता भाग मागवणारे लोक चुकीच्या जागी पैसे घालतात.

किती दाब हवा याचा एक जुना ठोकताळा आहे: दर हजार आरपीएमला १० पीएसआय (पीएसआय हे दाबाचं एकक). तो नियम नाही, पण गरम इंजिनात ७००० ला ६०-७० च्या आसपास स्थिर रेष दिसली आणि वळणात ती २० वर पडली, तर दुसरा पुरावा लागत नाही.

एक गोष्ट फुकटात होते. ट्रॅकवर जाताना तेलाची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला असावी, मध्ये नको. अर्धा लिटर कमी तेल रस्त्यावर काही बिघडवत नाही, वळणात तेच उणं पडतं. पण ‘मग दोन लिटर जास्तच घालू’ हेही चूक. पातळी खूप वर गेली तर क्रँक तेलात बुडतो, फेस होतो, ताकद जाते आणि तेल श्वसननळीतून इंजिनाच्या हवेच्या वाटेवर फेकलं जातं.

चेंबर, आणि त्याच्यातली दारं

उपासमारीवरचा सर्वांत चांगला इलाज मला चेंबरचाच वाटतो. सुधारलेल्या चेंबरमध्ये पिकअपभोवती भिंती घालून एक छोटी खोली केलेली असते. त्या भिंतींना बिजागरीची छोटी दारं असतात आणि ती फक्त आतल्या बाजूला उघडतात. गाडी वळते तेव्हा एका बाजूचं तेल दार ढकलून खोलीत येतं, आणि दुसऱ्या बाजूचं दार त्याच धक्क्याने बंद होतं. तेल आत येतं, बाहेर जाऊ शकत नाही. वर एक पत्रा असतो, तो उसळणाऱ्या तेलाला अडवतो आणि क्रँकच्या वाऱ्यापासून खालचं तेल शांत ठेवतो. यात वीज नाही, झडपेचं वेळापत्रक नाही, आणि वजनही नाममात्र वाढतं.

बसवताना मात्र घाई नको. या इंजिनाच्या चेंबरला कापलेलं गॅस्केट नसतं, द्रवरूप सीलंटची रेघ ओढून तो चिकटवतात. ती रेघ जाड झाली की आतल्या बाजूला सीलंटची शेव बाहेर येते, सुकते, तुटते आणि पिकअपच्या जाळीवर जाऊन बसते. ज्या उपासमारीसाठी सगळा खटाटोप केला, तीच आपल्या हाताने घडवून आणल्यासारखं होतं. दोन्ही पृष्ठभाग जुन्या सीलंटपासून पूर्ण साफ करावेत, बारीक आणि सलग रेघ ओढावी, आणि डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ खरोखर द्यावा. चेंबर उतरला आहे तर पिकअपची जाळी आणि त्याच्या जोडाची सीलही तेव्हाच तपासावी. पिकअपच्या जोडातून हवा शिरत असेल तर चेंबर कितीही चांगला असो, उपयोग नाही.

दाबाची शिल्लक

चांगल्या चेंबरनंतरही नोंदीत खड्डे दिसत असतील तर पुढची पायरी म्हणजे ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर. यातला अ‍ॅक्युसंप हा सर्वांत ओळखीचा. हा एक बंद सिलिंडर असतो, आत एक सरकता पिस्टन. पिस्टनच्या एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचं तेल. दाब चांगला असतो तेव्हा पंप तेल आत ढकलून हवेला दाबून ठेवतो. पंपाला हवा लागली आणि दाब पडला की ती हवा पसरते आणि साठवलेलं तेल इंजिनाच्या वाटांमध्ये सोडते. यातून काही सेकंद मिळतात, आणि वळणाला तेवढेच हवे असतात.

त्याचा दुसरा फायदा मला तितकाच मोलाचा वाटतो. सेल्फ मारण्याआधी झडप उघडली तर कोरड्या वाटांमध्ये तेल आधी भरतं आणि मग इंजिन फिरतं. त्यासाठी आदल्या वेळी, इंजिन चालू आणि दाब भरलेला असताना झडप बंद करायची सवय हवी.

मर्यादाही सांगायला हव्यात. तीन क्वार्टचा, म्हणजे पावणेतीन-तीन लिटरचा नळकांडा भरला की नुसत्या तेलाचंच वजन अडीच किलो होतं. त्यात सिलिंडर, झडप, नळ्या आणि पकडी मिळवा. ग्रॅम मोजून बांधलेल्या गाडीत हे कमी नाही. जोडणीत एकदिशा झडप योग्य जागी हवी, नाहीतर साठवलेलं तेल बेअरिंगकडे जाण्याऐवजी पंपाच्या वाटेने मागे चेंबरमध्ये जातं. आणि सलग दोन लांब वळणं आली तर मधल्या सरळ रस्त्यावर तो पुन्हा भरायला वेळ मिळायला हवा. म्हणून चेंबर टाळून फक्त अ‍ॅक्युम्युलेटर बसवणं मला उलटं काम वाटतं.

थंड करणं आणि नळ्या

इलिसचं इंजिन मागे आणि ऑइल कूलर पुढे, त्यामुळे तेल गाडीची जवळजवळ सगळी लांबी जाऊन परत येतं. ट्रॅकवर तेल ९० ते ११० अंशांत राहिलं तर उत्तम. १३० च्या पुढे ते इतकं पातळ होतं की बेअरिंगमधला थर टिकवणं अवघड होतं. त्याच्या उलट, थंड पावसाळी दिवशी मोठ्या कूलरमुळे तेल कधी तापतच नाही, आणि थंड घट्ट तेलावर हे इंजिन ८००० ला नेणं तितकंच वाईट. म्हणून मोठा कूलर घेताना फिल्टरजवळच्या जोडपट्टीत थर्मोस्टॅट असलेला संच घ्यावा. तेल तापेपर्यंत तो बहुतेक प्रवाह कूलरकडे जाऊ देत नाही.

जुन्या गाडीत मला कूलरपेक्षा नळ्यांची काळजी जास्त वाटते. वीस वर्षांचं रबर आणि त्यावर दाबून बसवलेले जोड. त्यातला एक निसटला तर पंप काही सेकंदांत सगळं तेल बाहेर ओततो. ते मागच्या टायरवर किंवा तापलेल्या एक्झॉस्टवर गेलं तर इंजिनाचा प्रश्न बाजूला राहतो आणि जिवाचा येतो. स्टीलची जाळी गुंफलेल्या नळ्या आणि स्क्रूने आवळणारे एएन जोड हा बदल ताकदीसाठी नसला तरी मी तो पहिल्या तीनांत धरतो. नळी कुठे चॅसीच्या कडेला घासत नाही ना, हे बघायलाच हवं, कारण स्टीलची जाळी अ‍ॅल्युमिनियम कापू शकते.

तेलाच्या ग्रेडबद्दल थोडक्यात. एसएई वर्गीकरणात १०० अंशांना ३० ग्रेडची श्यानता (तेलाचा घट्टपणा) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, तर ४० ची १२.५ ते १६.३. तापलेल्या ट्रॅकवरच्या इंजिनात चांगल्या सिंथेटिक ५डब्ल्यू-४० ने थर जास्त टिकतो, आणि ट्रॅकसाठी ते योग्य आहे. पण घट्ट तेल पिकअपच्या उघड्या तोंडावर काहीच करू शकत नाही. हवा ओढणाऱ्या पंपाला ग्रेड कळत नाही.

पंप आणि ड्राय संप

२झेडझेडचा तेलपंप थेट क्रँकच्या टोकावर फिरतो. त्याची दंतचक्रं धातूची भुकटी दाबून, भाजून केलेली असतात. रोजच्या वापरात ती टिकतात. पण चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला आणि इंजिन मर्यादेबाहेर फिरलं, तर ती तडकू शकतात, आणि पंप तुटला की इंजिनाला उरतात काही सेकंद. सबंध पोलादातून कातलेली चक्रं मिळतात, ट्रॅकवाल्यांनी ती घालावीत. मात्र त्यासाठी टायमिंग चेनच्या बाजूचं कव्हर उतरवावं लागतं. इंजिन दुसऱ्या कामासाठी उघडलं असेल तेव्हाच हे करून घेणं शहाणपणाचं.

ड्राय संप हा शेवटचा उपाय. त्यात चेंबरमध्ये तेल साठवतच नाहीत. जास्तीचे पंप ते लगेच शोषून एका उंच, अरुंद टाकीत टाकतात, आणि टाकीच्या तळातून मुख्य पंपाला तेल मिळतं. उंच टाकीत तेल कितीही कललं तरी तळ उघडा पडत नाही, आणि वाटेत त्यातली हवाही सुटते. उपाय पक्का आहे. पण पट्ट्याने फिरणारा पंपसंच, टाकी, दुप्पट नळ्या, आणि या सगळ्यासाठी इलिसच्या आधीच भरलेल्या इंजिनखान्यात जागा, हे रेसिंगसाठी बांधलेल्या गाडीलाच शोभतं. वर्षातून काही दिवस ट्रॅकवर जाणाऱ्याने दारांचा चेंबर, चांगल्या नळ्या आणि गरज दिसली तर अ‍ॅक्युम्युलेटर, इथे थांबावं.

काम झाल्यावर त्याच ट्रॅकवर, त्याच टायरवर नोंद पुन्हा घ्यावी आणि जुन्या नोंदीवर ठेवून बघावी. मग प्रत्येक तेलबदलीला फिल्टर फेकून न देता कापून उघडावा. करवतीने नको, तिचाच कीस आत पडतो, पाइप कटरने कापावा. कागदाच्या घड्या पिळून पांढऱ्या कपड्यावर पसरल्या की चकाकणारा धातू लगेच दिसतो. काळपट गाळ चालतो. रुपेरी किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे आहेत, आणि मग गाडी सुरू न करता ट्रेलरवर चढवून गॅरेजला न्यावी. त्या टप्प्यावर बहुधा बेअरिंग बदलून आणि क्रँक तपासून निभावतं. आणखी काही लॅप मारल्या तर क्रँकही जातो, रॉडही जातो, आणि ब्लॉक फुटला तर दुरुस्तीला काही उरत नाही.